पडद्यावर मिनिटभर दिसलेल्या माणसाची कारकीर्द: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर इथल्या मराठी घरांत असा एखादा काका किंवा आत्या निघतेच, जिने कधीतरी सिनेमात, मालिकेत किंवा आकाशवाणीवर काम केलेलं असतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक असतं, पण बाहेर कुठेही त्याची नोंद नसते. ती नोंद नीट कशी करावी याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

महेश्वरच्या घाटावर गर्दीत उभा राहिलेलाही कलाकार धरायचा का?

नोंद जरूर करा, पण वेगळ्या खान्यात. खाने तीन ठेवा: श्रेयनामावलीत नाव आलेली कामं, संवाद किंवा ओळखू येणारी भूमिका असून नाव न आलेली कामं, आणि गर्दीतली कामं. ‘पॅडमॅन’ आणि ‘दबंग ३’ यांचं चित्रीकरण महेश्वरात झालं, तेव्हा आसपासची बरीच मंडळी कॅमेऱ्यासमोर गेली. ते काम खरंच झालं, त्याचे पैसेही मिळाले असतील. पण गर्दीतल्या माणसाला ‘सहकलाकार’ लिहिलं, की यादीतल्या बाकीच्या खऱ्या नोंदींकडेही लोक संशयाने बघतात. फुगवलेल्या एका ओळीपायी अख्खी यादी बाद झाल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

सुरुवात इंटरनेटवरून करावी का?

नको. आधी घरातले कागद. इंटरनेटवरचं चुकीचं साल एकदा डोक्यात बसलं की घरातला बरोबर कागद हाती आला तरी तोच खोटा वाटायला लागतो. माळ्यावरच्या पेटीत आणि जुन्या फायलींत हे शोधा: करारपत्र, मानधनाचं व्हाउचर, कॉलशीट (चित्रीकरणाला कुणी कधी, कुठे यायचं त्याचा कागद), निर्मात्याची पत्रं, संघटनेचं सभासदकार्ड, आकाशवाणीची कंत्राटं, ऑडिशनमध्ये मिळालेल्या श्रेणीचं पत्र, गाण्यांचं पुस्तक, प्रीमियरचं निमंत्रण, कात्रणं आणि फोटो. जुन्या पासबुकातल्या जमा रकमाही बघा. चेक कोणत्या बॅनरचा, म्हणजे निर्मितीसंस्थेचा होता हे कधीकधी तिथेच सापडतं.

कात्रणाच्या मागच्या बाजूला काय छापलंय तेही वाचा. पुढे तारीख नसते, पण मागे क्रिकेटच्या सामन्याची बातमी किंवा थिएटरची जाहिरात असते. त्यावरून आठवडा ठरवता येतो.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना काय विचारावं?

‘कोणत्या साली?’ हा प्रश्न सर्वांत शेवटी ठेवा, कारण सालं सगळ्यांचीच चुकतात. त्याऐवजी विचारा: मुंबईत उतरायचात कुठे? सोबत कोण होतं? कपडे निर्मात्याने दिले की घरून नेले? मेकअप कुणी केला? आवाज तुमचाच होता की डबिंग दुसऱ्याने केलं? पैसे रोख मिळाले की चेकने? तेव्हा धाकटीचं बारसं झालं होतं का? घरातल्या लग्न-मुंजींवरून साल दोन वर्षांच्या टप्प्यात आणता येतं, आणि पुढचं काम कागद करतात.

एका बैठकीला तासाभरापेक्षा जास्त वेळ घेऊ नका. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका आणि पंखा बंद करा. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झवर करा. २४ बिट मोनोमध्ये तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. फोटो दाखवून बोलतं केलं तर ‘हा फोटो क्रमांक अमुक’ असं तुम्ही मोठ्याने म्हणा. नाहीतर वर्षभराने ऐकताना ‘हा उजवीकडचा कोण ते सांगतो’ एवढंच ऐकू येतं आणि फोटो कोणता ते कळत नाही.

नावाने शोधलं तर काहीच मिळत नाही. खरंच काम केलं असेल ना?

बहुतेक वेळा केलेलं असतं, फक्त नाव वेगळं लागलेलं असतं. कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण म्हणजे स्पेलिंग. जुन्या हिंदी चित्रपटांच्या श्रेयपाट्या बहुधा रोमन लिपीत असत आणि पाटी रंगवणारा ऐकून लिहायचा. ‘देव’ आडनावाची दोन, ‘कुळकर्णी’ची तीन आणि ‘सहस्रबुद्धे’ची वाटेल तितकी रूपं सापडतात. संभाव्य सगळी रूपं आधी कागदावर लिहून काढा आणि एकेक शोधा.

दुसरं, नावातला काही भाग गळणं किंवा वर चिकटणं. बालकलाकार ‘मास्टर’ किंवा ‘बेबी’ होतो, आडनाव जातं. बाईंचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि निर्मात्याने दिलेलं पडद्यावरचं नाव, अशी तीन नावं एकाच कारकिर्दीत येतात. इंदुरात जन्मलेले सलीम खान पटकथाकार म्हणून गाजण्याआधी नट होते आणि ‘प्रिन्स सलीम’ या नावानेही पडद्यावर आले होते. ते नाव ठाऊक नसेल तर त्यांची सुरुवातीची कामं हातून निसटतात. नंतर जगप्रसिद्ध झालेल्या माणसाची ही गत, तर आपल्या काकांचं काय!

तिसरं कारण सर्वांत फसवं: त्याच नावाचा दुसरा माणूस. ‘सुलोचना’ या नावाने रुबी मायर्स काम करत होत्या आणि सुलोचना लाटकरही. दोघींची नावं एकाच काळातल्या हिंदी चित्रपटांत दिसतात. बालकलाकार शशी कपूर यांना ‘शशीराज’ म्हणून श्रेय दिलं गेलं, कारण ‘शशी कपूर’ नावाचाच आणखी एक बालनट तेव्हा पौराणिक चित्रपटांत काम करत होता. म्हणून नाव जुळलं एवढ्यावर नोंद करू नका. नावाबरोबर आणखी एक गोष्ट जुळली पाहिजे: चेहरा, बॅनर, दिग्दर्शक किंवा घरातला कागद.

श्रेयनामावली कशी वाचायची?

चालू पिक्चरमध्ये वाचू नका. फाइल थांबवून एकेक पाटी पुढे सरकवा, प्रत्येक पाटीचा स्क्रीनशॉट घ्या आणि मिनिट-सेकंद लिहून ठेवा. छोट्या नटांची नावं एका पाटीवर आठ-दहा अशी दाटीवाटीने येतात आणि ती पाटी दोन-तीन सेकंदच टिकते. नावांचा क्रम जसाच्या तसा उतरवा. ‘पाहुणे कलाकार’, ‘नवीन चेहरा’, ‘आभार’ हे शिक्केही सोडू नका. ‘आभार’च्या पाटीवरचं नाव म्हणजे भूमिका नव्हे. कित्येकदा तो बंगला चित्रीकरणाला देणारा मालक असतो.

पाट्याच नसतील तर नवल मानू नका. जुन्या चित्रपटांत नावं सुरुवातीला, म्हणजे पहिल्या रिळाच्या तोंडाशी असत. प्रोजेक्टरवर चढवताना सर्वांत जास्त झीज तिथेच होते. फाटलं की ऑपरेटर कापून जोडायचा आणि दर खेपेला काही फ्रेम जायच्या. अलीकडच्या चित्रपटांत नावं शेवटी येतात, ती वाहिन्या दाखवत नाहीत. दोन्हीकडून मार बसतो तो छोट्या नावांनाच.

पिक्चर अख्खा पाहिला. काका त्यात दिसतच नाहीत!

लगेच काकांना खोटं पाडू नका. आधी तुमच्या हातातली प्रत पुरी आहे का, ते तपासा. त्यासाठी मूळ लांबी हवी, आणि ती सेन्सॉर प्रमाणपत्रावर असते. चित्रपटाच्या सुरुवातीला दिसणाऱ्या प्रमाणपत्रावर रिळांची संख्या आणि लांबी मीटरमध्ये किंवा फुटांत दिलेली असते.

हिशेब सोपा आहे. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर सरकते. प्रमाणपत्रावर ३,९६२ मीटर असेल तर भागिले २७.४, म्हणजे सुमारे १४४ मिनिटं. आता तुमची यूट्यूबवरची प्रत १२२ मिनिटांची आहे असं धरू. बावीस मिनिटं गेली असं म्हणण्याआधी आणखी एक पायरी आहे. आपल्याकडची टीव्ही, व्हीसीडी आणि डीव्हीडीची पाल पद्धत सेकंदाला २५ फ्रेमची, त्यामुळे त्या प्रतीत चित्रपट जवळपास ४ टक्के लवकर संपतो. १४४ मिनिटांचे तिथे १३८ ते १३९ होतात. म्हणजे खरोखर कापलेला भाग १६ मिनिटांच्या आसपास. एवढ्यात दोन गाणी आणि काकांचा वकिलाचा प्रवेश आरामात मावतो.

कापलं कुणी? १२-३-६-९ च्या खेळांत लांब पिक्चर बसवायला थिएटरवाले कात्री लावत. व्हीसीडीच्या एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटं मावतात, त्यामुळे पावणेतीन तासांचा पिक्चर दोन डिस्कमध्ये कोंबताना कापाकाप व्हायची. टीव्हीवर जाहिरातींसाठी जागा करावी लागते. या तिन्ही ठिकाणी नायक-नायिकेचं काही जात नाही. जातो तो पोस्टमन, डॉक्टर, शेजारी, इन्स्पेक्टर. म्हणून निदान दोन वेगळ्या प्रती पाहिल्याशिवाय ‘भूमिका नाही’ असा निकाल देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

मग प्रमाणपत्रावर नटांची नावंही असतील?

नाही. चित्रपटाचं नाव, भाषा, लांबी, प्रमाणपत्र क्रमांक, तारीख, निर्माता आणि अर्जदार एवढंच. कापायला लावलेले भाग दुसऱ्या भागात दिलेले असतात, तो जरूर पाहा. सेन्सॉरने उडवलेल्या प्रवेशात आपला माणूस असू शकतो. प्रमाणपत्रावरून काळही ताडता येतो: मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ शब्द जाऊन ‘प्रमाणन’ आला तो १९८३ मध्ये, आणि ‘यूए’ हा वर्गही त्याच वर्षीचा.

साल कोणतं लिहायचं? तीन ठिकाणी तीन सालं आहेत.

तिन्ही बरोबर असू शकतात. एक चित्रीकरणाचं, एक सेन्सॉरचं, एक प्रदर्शनाचं. डिसेंबरात सेन्सॉर झालेला चित्रपट पुढच्या वर्षी लागतो. मुंबईत एका साली आणि इंदुरात दुसऱ्या साली लागलेलेही पुष्कळ. नोंदीत ‘सेन्सॉर १९७५, प्रदर्शन १९७६’ असं दोन्ही लिहा आणि कशावरून लिहिलं ते कंसात द्या. हिंदी चित्रपटांसाठी कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी संकलित केलेला ‘हिंदी फिल्म गीत कोश’ दशकवार खंडांत आहे. गाण्यांबरोबर त्यात कलाकारांची नावंही मिळतात, म्हणून छोट्या नटांसाठी तो फार उपयोगी.

पिक्चर डब्यात गेला. त्याची नोंद करावी?

करावी, पण ‘अप्रदर्शित’ असं स्पष्ट लिहून. मुहूर्ताचा फोटो म्हणजे पिक्चर पुरा झाला असं नव्हे, हे मात्र ध्यानात असू द्या.

दूरदर्शनवरच्या मालिकेचं काहीच सापडत नाही.

टेप महाग होती. कार्यक्रम दाखवून झाला की कित्येकदा तीच टेप पुसून पुढचं रेकॉर्डिंग व्हायचं. त्यामुळे १९८०च्या दशकातला एखादा भाग मुळात शिल्लकच नसेल, ही तयारी ठेवा. प्रायोजित मालिका बहुधा १३ भागांच्या टप्प्यांत मंजूर होत, तेव्हा ‘साधारण बारा-चौदा भाग होते’ अशी आठवण १३ कडे बोट दाखवते. तसं लिहायचं झाल्यास ‘अंदाजे’ हा शब्द गाळू नका.

प्रसारणाची तारीख वर्तमानपत्रातल्या ‘आज दूरदर्शनवर’ या रकान्यात मिळते. महिना ठाऊक असेल तर ग्रंथालयात बसून दोन दिवसांत काम होतं. माहिती अधिकारात प्रसार भारतीकडे अर्जही करता येतो: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘माझ्या काकांच्या सर्व कार्यक्रमांची माहिती द्यावी’ असं लिहाल तर हात हलवत परत याल. कार्यक्रमाचं नाव, केंद्र, अंदाजे महिना-वर्ष आणि नेमका कोणता दस्तऐवज हवा ते लिहा.

आकाशवाणीचं तुलनेने बरं असतं, कारण प्रत्येक कामाचं कंत्राट कलाकाराच्या घरी यायचं. इंदूर आकाशवाणीच्या मालवा हाऊसमधून नाटिका केलेल्या अनेकांकडे अशा कंत्राटांचे गठ्ठे आहेत. त्यावर कार्यक्रमाचं नाव, तारीख आणि रक्कम असते. यापेक्षा पक्का पुरावा दुसरा नाही. आणि हेच गठ्ठे दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात.

इंदुरातच शोधायचं तर कुठे?

इंदूर हे चित्रपट वितरणाच्या सेंट्रल इंडिया टापूचं मुख्य ठिकाण. वितरकांच्या कचेऱ्यांतून पोस्टर, फोटोसेट, गाण्यांची पुस्तकं इथे यायची. मधुमिलन चौराहा, सपना-संगीता रोड, रिगल चौराहा ही नावं टॉकीजवरूनच पडली आहेत. जुने ऑपरेटर, मॅनेजर, पोस्टर लावणारे यांच्या घरी साठा असू शकतो. त्यांच्याकडे मोकळ्या हाताने नाही, चित्रपटांची यादी घेऊन जा.

वर्तमानपत्रांत ‘नई दुनिया’ १९४७ पासूनची, आणि तिचे चित्रपटांवरचे विशेषांक आजही उपयोगी पडतात. मराठी कलावंतांच्या नाट्यप्रयोगांसाठी महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या संस्थांच्या स्मरणिका आणि अहवाल चाळा. इंदूरचा बहुतेक मराठी नट आधी स्पर्धेतल्या नाटकात आणि मग पडद्यावर, त्यामुळे फोटोसकट पहिली ओळख स्मरणिकेतच सापडते. खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ‘माधुरी’ या हिंदी सिनेनियतकालिकाचे सुटे अंक निघतात. भोपाळचं भारत भवन १९८२ चं. तिथल्या रंगमंडळात दिग्दर्शक ब. व. कारंतांच्या हाताखाली काम केलेल्यांची नावं प्रयोगपत्रिकांवर असतात.

पुण्याला जावं लागेल का?

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे. २०२२ मध्ये ते एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. पोस्टर, फोटो, गाण्यांची पुस्तकं आणि ग्रंथालय यांसाठी जाणं सार्थकी लागतं. पण आधी ईमेल करून वेळ घ्या आणि चित्रपटांची नेमकी नावं कळवा. ‘आमच्या आत्याबद्दल काय आहे?’ या प्रश्नाला तिथे उत्तर मिळत नाही. साठा चित्रपटाच्या नावाने लावलेला असतो, छोट्या नटाच्या नावाने नाही. घरबसल्या बघायचं तर इंडियनसिने.मा हे संकेतस्थळ आहे, आणि ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे अनेक जुने अंक इंटरनेट अर्काइव्हवर वाचायला मिळतात.

घरात व्हीएचएस कॅसेट आहेत. लावून पाहू का?

आधी कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे उजेडात बघा. कडेला पांढरी पूड किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड तर खराब होतोच, शिवाय बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्या.

स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेले वेढे मोकळे होतात आणि ताण सारखा होतो. मग एकदाच लावा आणि त्याच वेळी संगणकात घ्या. कॅप्चर ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड तसंच राहू द्या. डीव्ही स्वरूपात तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. स्टुडिओवाले ‘क्वालिटी वाढवून’ देतो म्हणतात आणि चेहरे मेणाचे करून देतात. मूळ फाइल न सुधारता मागा. सुधारणा प्रतीवर कधीही करता येते.

फिल्मचं रीळ असेल तर डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे ॲसिटेट फिल्म कुजायला लागली आहे. तो डबा इतरांपासून वेगळा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि प्रोजेक्टरवर चढवू नका, कारण आकसलेल्या फिल्मची छिद्रं दात्यांवर फाटतात. ३५ मिमीचं रीळ १९५० च्या आसपासचं किंवा आधीचं असेल आणि कडेला ‘सेफ्टी’ छापलेलं नसेल, तर ते नायट्रेट असू शकतं. ते भयंकर ज्वलनशील असतं. घरात ठेवू नका, कुरियरने पाठवू नका, थेट संग्रहालयाला कळवा. घरगुती ८ आणि १६ मिमीला ही भीती नाही. सुपर ८ चं ५० फुटांचं रीळ १८ फ्रेमच्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद चालतं, तेव्हा ‘तासभराचं शूटिंग आहे’ म्हणून कुणी एकच छोटं रीळ दिलं तर अपेक्षा आवरा.

आणि फोटो?

छापील फोटो ६०० डीपीआय, कागद ३०० ते ४००, निगेटिव्ह २४०० किंवा वर. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, लोकांना जेपेग द्या. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. माहिती मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो. चिकट पानांच्या अल्बमात अडकलेले फोटो नखाने उपटू नका. दात साफ करायचा सपाट फ्लॉस फोटोखालून करवतीसारखा हळूहळू ओढा. तरीही सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करा आणि तिथेच थांबा.

आयएमडीबीवर नाव कसं चढवायचं?

आयएमडीबी म्हणजे चित्रपट आणि कलाकारांच्या नोंदींचं संकेतस्थळ. तिथे आधी चित्रपटाचं पान आहे का ते बघा. नसेल तर प्रथम ते तयार करावं लागतं, त्यासाठीही पुरावा लागतो. असेल तर कलाकारांच्या यादीत नाव, पात्राचं नाव आणि पाटीवरचा क्रम भरा. पडद्यावर वेगळं नाव लागलं असेल तर ‘ॲज’ या सोयीने ते रूप नोंदवा. पाटीवर नावच नसेल तर ‘अनक्रेडिटेड’ लिहायलाच हवं. हे लपवलेलं पुढे कुणीतरी दुरुस्त करतं, तेव्हा जास्त लाज जाते.

नेहमी होणारी चूक अशी: त्या नावाचं पान आधीच असतं, पण ते दुसऱ्याच माणसाचं असतं, आणि उत्साहात सगळी कामं त्याच्या खात्यात जमा होतात. सारख्या नावांना तिथे रोमन आकडे लावून वेगळं केलेलं असतं. कोणता आकडा आपला, हे आधी ठरवा. उलट आपल्याच माणसाची तीन स्पेलिंगची तीन पानं झाली असतील तर ती एकत्र करण्याची विनंती करता येते.

विकिपीडियावर लेख लिहिला तो उडवला. अन्याय नाही का?

नाही. तिथली अट अशी की नटाच्या अनेक उल्लेखनीय कलाकृतींत महत्त्वाच्या भूमिका असाव्यात आणि त्याच्यावर त्रयस्थांनी काही लिहिलेलं असावं. घरचा अल्बम, आयएमडीबी, फेसबुक हे तिथे पुरावे नव्हेत. शिवाय पुतण्याने काकांवर लिहिणं हा हितसंबंधांचा प्रश्न. ते चर्चापानावर जाहीर करावं लागतं. छोट्या कारकिर्दीसाठी आमचा सल्ला वेगळा आहे: चित्रपटाच्या लेखातल्या कलाकारांच्या यादीत, संदर्भासह, एक ओळ जोडा. ती टिकते.

त्यांचा मुख्य धंदा वेगळाच होता, किंवा नंतर वेगळा झाला. मग?

मग कारकीर्द एकाच यादीत कोंबू नका. अभिनय, लेखन, गायन, दिग्दर्शन यांच्या याद्या वेगळ्या करा. इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकरांनी १९४२ च्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये अभिनय केला होता. ती यादी गाण्यांच्या यादीत शोधून मिळणार नाही. इंदूरचेच स्वानंद किरकिरे गीतकार म्हणून राष्ट्रीय पुरस्कार घेऊन बसले होते, आणि पुढे ‘चुंबक’ या मराठी चित्रपटासाठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यांना मिळाला.

सहायक दिग्दर्शक, संकलक, माहितीपट करणारे यांचं कसं शोधायचं?

नटाला निदान चेहरा असतो, यांना तोही नाही. सहायकांच्या पाटीवर मुख्य सहायक वर आणि उमेदवारी करणारे खाली. जागा कोणती ते नोंदवा. माहितीपटवाल्यांसाठी १९४८ साली सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या सूची बघा, त्यांत दिग्दर्शकाचं नाव दिलेलं असतं. हाताखाली काम केलं त्या दिग्दर्शकाची सही असलेलं पत्र असेल तर ते लॅमिनेट करू नका. उष्णतेने शाई उडते आणि प्लास्टिक पुन्हा काढता येत नाही.

मुलगी आता वेबमालिकांत छोटी कामं करते. तिने काय जपावं?

करार सही होताच त्याची पीडीएफ. प्रत्येक दिवसाची कॉलशीट, कारण आता ती व्हॉट्सॲपवर येते आणि फोन बदलला की जाते. पैसे मिळाल्याचा पुरावा. टीडीएस कापला असेल तर प्राप्तिकर खात्याच्या फॉर्म २६एएस मध्ये कापणाऱ्या कंपनीचं नाव येतं, मालिकेचं नाही. म्हणून कोणती कंपनी म्हणजे कोणतं काम, हे तेव्हाच लिहून ठेवा. मालिका आली की शेवटच्या नामावलीचा स्क्रीनशॉट पहिल्याच आठवड्यात घ्या. आणि करारात श्रेय कोणत्या स्पेलिंगने द्यायचं ते लिहून घ्यायला सांगा. हे एकच वाक्य पुढची निम्मी डोकेदुखी वाचवतं.

या नोंदीवर ज्येष्ठ कलावंतांचं मानधन मिळेल का?

नुसत्या यादीवर नाही, मूळ पुराव्यांवर. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची योजना साठीपुढच्या, कमी उत्पन्नाच्या कलावंतांसाठी आहे. महाराष्ट्र शासनाच्या मानधनासाठी तिथला रहिवास लागतो, त्यामुळे काम सगळं मराठी असलं तरी इंदुरात राहणाऱ्याला ते लागू होत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

काकांच्या प्रवेशाची क्लिप यूट्यूबवर टाकू का?

चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९६४ चे चित्रपट २०२५ च्या सुरुवातीला मोकळे झाले, पुढे दर जानेवारीत आणखी एकेका सालाचे मोकळे होतात. नटाच्या घरच्यांना क्लिपवर वेगळा हक्क मिळत नाही. नोंदीसाठी स्क्रीनशॉट आणि मिनिट-सेकंद पुरतात.

हे सगळं सामान शेवटी कुणाला द्यावं?

फिल्म, पोस्टर, फोटो पुण्याच्या संग्रहालयाला. नाटकाच्या स्मरणिका आणि मराठी कागदपत्रं इंदुरातल्या एखाद्या ग्रंथालयाला. देण्याआधी सगळं स्कॅन करा, क्रमांक घाला आणि यादीच्या दोन प्रती करा. एका प्रतीवर स्वीकारणाऱ्याची सही, शिक्का आणि तारीख घ्या. ‘ठेवून जा, नंतर बघू’ म्हणणाऱ्याकडे पेटी सोडून येऊ नका. आणि एकाच पेटीचे भाऊ-बहिणींत तीन वाटे करायची वेळ आली, तर फोटो वाटा पण करारपत्रं, कंत्राटं आणि व्हाउचर एकाच घरी राहू द्या.